रकाना अकरावा

सैनिक बोर्डाच्या फाटकाबाहेर, रेनट्रीखाली
माझं घडीचं टेबल.
दोन पेनं, शाईचं पॅड, डिंकाची बाटली
आणि उन्हानं कडेला वळलेले अर्ज.
अठरा वर्षं मी हवालदार क्लार्क होतो.
आता परत आलेल्यांची
राहून गेलेली वाक्यं लिहितो.

आज पहिल्या बसनं बिजगर्णीचा रुकमाण्णा हुंदरे आला.
पिशवीत डिस्चार्ज बुक, त्याला टॉवेल गुंडाळलेला,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसा.

नऊ वर्षं, दोन महिने, सतरा दिवस.
थोरला भाऊ मोटारीचा शॉक लागून गेला,
मागं वहिनी आणि तिची तीन पोरं,
म्हणून हा नाव कापून आला.
पंधरा भरली असती तर पेन्शन होती.
हे तो बोलत नाही.
मीच मनात म्हणतो, दर आठवड्याला, कुणासाठी तरी.

बुकात तो ‘रुकमन हुंद्रे’,
भरतीच्या सुभेदाराला ऐकू आला तसा.
रेशन कार्डावर कन्नडात ‘रुक्मण्णा’,
बँकेत आडनाव आधी,
घरात नुसतं ‘अवो’.
हे सगळे एकच, असं स्टँप पेपरवर
शपथेनं सांगावं लागतं.
जन्मतारीख तेवढी सगळीकडे एक जून.
मास्तरांनी दिलेली;
आमच्या निम्म्या प्लाटूनची तीच.

तीनदा आत जाऊन आलाय.
आतला कारकून वाईट नाही,
मान वर करून म्हणतो, ‘नाळे बर्री, अज्जा.’
‘उद्या’ हा शब्द रुकमाण्णाला
दोन्ही भाषांत येतो.

रकाना अकरावा.
अर्जदार निर्धन आहे काय?
सवयीनं मी ‘होय’मधला ‘हो’ काढला
आणि त्यानं माझं मनगट धरलं.
सत्तर पार केलेला हात,
पण पकड रायफलीवरची.

‘काय लिवलालास?’
‘निर्धन अनुदान आहे, अण्णा. तसंच लिहावं लागतं.’
‘वहिनीच्या तिन्ही पोरांची लग्नं लावली मी.
म्हशी दोन होत्या, एक अजून हाय.
देवळाला घंटा दिली, सव्वा मणाची.
निर्धन कसा?’

मी नियम सांगितला.
तो ऐकत राहिला,
चौकीवर हवामानाचा निरोप ऐकावा तसा:
पटो न पटो, बर्फ पडायचाच.

कॅम्पातून बिगुल आला, जेवणाचा.
त्याची पाठ आपसूक सरळ झाली.
माझीही.
कुणी कुणाकडं बघितलं नाही.

‘लिही मग,’ तो म्हणाला. ‘तुझ्या हातानं लिही.
सही माझी.’
मोबाइल नंबर त्याला आठवत नव्हता.
फौजी नंबर विचारला,
तर एका दमात, न अडखळता,
शेवटी ‘साब’ लावून.
मग इंग्रजीत सही,
फौजेच्या शाळेत शिकलेली,
प्रत्येक अक्षर अटेन्शनमध्ये.

माजी सैनिकाकडून मी पैसे घेत नाही.
जाताना त्यानं टॉवेलातून चार रताळी काढली,
लाल मातीसकट, माझ्या अर्जांवर ठेवली.
‘निर्धनाची फी,’ म्हणाला,
आणि पहिल्यांदाच हसला.

तीन भाजून खाल्ली.
चौथं टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.
आत फाइलीवर शिक्का पडला की नाही,
नाळे कळेल.