कच्ची लादी

तीस वर्षं मी लोकांवर ओरडत आलो,
"लादी कच्ची आहे, पाय ठेवू नका."
पारशी कॉलनीत, माटुंग्यात, सायनच्या सिंधी बिल्डिंगीत;
मालकाची मुलं, दूधवाला, एकदा तर सोवळ्यातले भटजी,
सगळ्यांना तोच ओरडा.
आता परळच्या हॉस्पिटलात खोतबाई मला सांगतात,
"सहा आठवडे या पायावर भार नाही, तावडे."
मला हसू आलं.
त्यांना कळलं नाही का ते.

मी गुडघ्यावरचा माणूस.
उभ्याने कमावलेला पैसा माझ्या घरात नाही.
उजवा आधी बोलायला लागला:
जिना उतरताना, मग संडासात, मग झोपेत,
वाळूवरून घमेलं ओढावं तसा.

बाईंनी पडद्यावर दाखवलं.
हाडाच्या टोकाला एक थर असतो, कूर्चा,
पांढरा, ओलसर, घोटलेल्या संगमरवराहून निसरडा.
"तुमचा इथे रुपयाएवढा उडालाय.
त्याला रक्त नाही, नस नाही.
जखम झाली तरी त्याला पत्ता नसतो,
म्हणून तो भरूनही येत नाही."
मला आमचा थोरला भाऊ आठवला.

उपाय एक नव्हता, तीन होते, एकत्र.
एकेकटे करून बघितलेत, म्हणाल्या, नेहमीच टिकतात असं नाही.
खालच्या हाडाला बारीक भोकं पाडायची, रक्त वर येऊ द्यायचं.
"म्हणजे टाकी मारायची," मी म्हटलं,
"जुन्या भिंतीवर त्याशिवाय गिलावा धरत नाही."
मग कमरेच्या हाडातला मगज काढून तिथे सोडायचा,
त्यात अजून कुणीच न झालेल्या पेशी असतात.
सकाळी सातला नाक्यावर उभी असतात ना पोरं,
रंगारी म्हटलं तर रंगारी, बिगारी म्हटलं तर बिगारी,
तशा.
आणि माझंच रक्त गरगर फिरवून
त्यातला पिवळा अर्क, त्या पेशींना कामाला लावणारा.
"मुकादम," मी म्हटलं.
वरून जाळीदार पापुद्रा, सगळं जागेवर धरायला.
बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

संमतीच्या कागदावर
"खात्री देता येत नाही" हे तीनदा होतं.
इतकं खरं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला लिहून दिलं नव्हतं.
सही केली.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय..." हेमलता म्हणाली,
म्हण अर्धीच ठेवून.
देवपण नको गं.
उकिडवं बसता आलं तरी पुरे.

सहा आठवडे खाटेवर.
यंत्र पाय वाकवायचं, सरळ करायचं, पुन्हा वाकवायचं,
लादीवर दिवसातून तीनदा पाणी मारावं तसं.
खालच्या मजल्यावर कुणीतरी फरशी कापत होतं.
त्याचा हात कुठे चुकतोय
ते मला कटरच्या आवाजावरून कळायचं.
खाली जाऊन सांगता येत नव्हतं, एवढंच.

वर्षाने पुन्हा फोटो.
खड्डा भरला होता. काठ जुळले होते, जवळजवळ.
"पण ही सगळी मूळची कूर्चा नाही," बाई म्हणाल्या,
आपलंच काही चुकल्यासारख्या,
"थोडी तिच्यासारखी, थोडी नुसती चिवट भर.
किती टिकेल, बघू."
मी त्यांना सांगितलं,
चौऱ्याण्णव सालच्या मोझेकमधली एक फुटकी लादी बदलायला गेलो
तर तोच कारखाना, तोच साचा, तरी रंग जुळत नाही.
म्हणून त्यावरून चालायचं कुणी थांबत नाही.

परवा वडाळ्याला भाच्याचं काम बघायला गेलो.
मला स्टूल दिलं त्याने, चहा दिला.
दाराजवळचा एक कोपरा सुतभर खाली गेलेला दिसला.
पाण्याची नळी लावायची गरज नव्हती.
चहा संपेपर्यंत कसंबसं थांबलो.

उजवा गुडघा टेकला.
तो काही बोलला नाही.
मग डावा टेकला,
आणि त्याने तोंड उघडलं.