खिळा

ओढ्याचं पाणी पन्हळीतून येतं
आणि पाणचक्कीचं जुनं लोखंड कुरकुरत उठतं.
ग्रेनाडातली दुपार. रम गाळायचा कारखाना.
आल्थिया पुढे, आम्ही नऊजण मागे.

चिपाडांच्या थरावर पाय दबतो,
कुणाच्या अंथरुणावरून चालावं तसा.
"हा वास कपड्यांना धरतो बरं," ती म्हणते,
"माझं लग्न याच वासात लागलं."
सगळे हसतात.

पाच काहिली. मोठीतला रस धाकटीत
लांब दांड्याच्या पळीने उपसतो क्लीटस,
उघड्या पाठीवर वाफ, कानात क्रिकेटची कॉमेंट्री.
मध्येच "आउट!" म्हणून ओरडतो,
पळी हिंदकळू न देता.

चरकाशेजारच्या भिंतीत
खांद्याच्या उंचीवर
एक खिळा. रिकामा.
इथे काय असायचं?

"कुऱ्हाड.
उसाबरोबर हात आत गेला
तरी चरक थांबवायचा नसे."
पुढचं ती सांगत नाही.
आमच्यातला एकजण बाही खाली ओढतो.

मग चव. इवलासा प्लास्टिकचा पेला.
आधी जिभेवर जाळ,
आणि ऊस फार मागाहून,
उशीर झाल्याची लाज वाटावी तसा.
आल्थियाने स्वतःच्या पेल्यातला पहिला थेंब
बोलता बोलता, न बघता
जमिनीवर सांडला होता.
कुणासाठी, ते विचारायचं राहिलं.

गाडीत छत्री नाही म्हणून मी परत आलो.
चरक थांबलेला, जेवणाची सुट्टी.
ती पायरीवर बसून चपला काढत होती,
आणि खिळ्याला
तिच्या डब्याची निळी पिशवी.