दहा ते तीन, एलन

दहा वाजता मी एलन ग्रिमशॉ होते.
डोक्याला पांढरी टोपी, अंगात करडा झगा,
पायात लाकडी तळाची खडखडती पायताणं,
आणि वैजयंता मुरदंडे हे नाव
लॉकरमध्ये, डबा आणि बसच्या पासाशेजारी.

रॉसेंडेलच्या खोऱ्यातून वळणं घेत बस येते.
पिवळ्या जॅकेटांतली तीस मुलं,
त्यातल्या दोघांना बस लागलेली.
पहिला प्रश्न ठरलेला: "तू मेली आहेस का?"
"अजून नाही," एलन म्हणते,
"अजून अठराशे चौसष्टच चाललंय."
दुसरा प्रश्न, तेव्हा शी कुठे करायचे.
त्याचं उत्तर मी रंगवून रंगवून देते,
कारण त्यानंतर ती माझी होतात.

मग पान चार.
एलननं कापसाचा पुंजका हातात घ्यायचा आणि करवादायचं:
अमेरिकेत लढाई, तिकडचा कापूस बंद,
आता हा आलाय हिंदुस्थानचा,
आखूड, सरकीनं आणि कचऱ्यानं भरलेला,
घडीघडीला तुटतो मेला, तुटल्याची मजुरी कोण देणार?
हे मी फार छान करते.
मॅनेजरबाई म्हणतात, तुझ्या रागात अस्सलपणा आहे.
असेल. इचलकरंजीत
घरामागच्या शेडमध्ये धागा तुटला की
आई अगदी ह्याच चालीवर शिव्या द्यायची,
फक्त कापसाचं गाव ती कधी विचारत नसे.

एकदा कीलन नावाच्या मुलानं हात वर केला:
"पण मिस, तू तिकडचीच दिसतेस."
वर्ग गप्प. त्यांच्या शिक्षिका लालबुंद.
आमच्या संहितेत ह्याला पान नाही.
एलन म्हणाली, "म्हणून तर मला माहीत आहे, किती वाईट आहे ते."
सगळे हसले. मीही. टोपीखाली कान तापले.
घरी जाताना मला चांगलं उत्तर सुचलं,
पण तोवर अठराशे चौसष्ट संपलं होतं.

शेवटी माग चालू करतात.
एकच, आणि दोनच मिनिटं, तसा नियम आहे.
धोटा इकडून तिकडे फेकला जातो,
जमीन दातांपर्यंत थरथरते, मुलं कान दाबून किंचाळतात
आणि किंचाळलेलं त्यांनाही ऐकू येत नाही.
अशा गोंगाटात इथल्या बायका ओठांनीच बोलायच्या,
शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकाला, बिनआवाजी.
मी ते करून दाखवते.
लिहून दिलेलं वाक्य आहे: जेवायची वेळ झाली.
पण तपासतंय कोण?
तीन वर्षं मी तिथे मराठीत बोलतेय.
भाजीत मीठ जास्त झालं. भाडं वाढवलं मेल्यानं.
टाचा फार दुखतात.
आणि बोलायला काही नसलं की, आई मागावरून हाक मारायची तेच:
वैजे, कांड्या संपल्या.

गेल्या मंगळवारी एक ओर्ला होती.
माग सुरू व्हायच्या आधीच
कानांमागची यंत्रं काढून तिनं खिशात ठेवलेली,
आणि सगळी मुलं धोट्याकडे बघत होती
तेव्हा ती माझ्या तोंडाकडे.
माग थांबला. तिनं यंत्रं लावली नाहीत.
"तू जेवण म्हणाली नाहीस," ती जरा मोठ्यानंच म्हणाली.
"ते कुठलेच शब्द नव्हते. परत म्हण. हळू."

मी म्हटलं. आवाज न काढता.
वैजे.
कांड्या.
संपल्या.
'ड्या'ला जीभ कुठे लागते
ते तिनं वाकून माझ्या दातांआड पाहिलं,
दोनदा अडखळली,
मग ओठांनीच म्हणून दाखवलं, बिनचूक.
अर्थ विचारला नाही. मीही सांगितला नाही.
शिक्षिका जॅकेटं मोजत होत्या.

तीन वाजता बस हलली. काचा वाफाळलेल्या.
मागच्या सीटवरून एक बाही फिरली, गोल पुसलं गेलं,
आणि त्या गोलात तिचे ओठ हलले.
मला हाक मारली असेल.
नाहीतर ती चिप्स खात असेल.
लांबून दोन्हींना तोंड जवळजवळ तसंच हलतं.