नळीतली गोळी

भिवापूर रोडवर, मिरचीच्या सातऱ्यांपुढे
आमचा कारखाना: दोन शेड, एक बोअर
आणि निळे ड्रम, ज्यांना समुद्रावर जायचंय.
समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नाही.
लोणारे मॅडमनीही नाही, त्या पवनीच्या.

मॅडम सांगतात, तिथं तळाशी पाइपात
तेल असतं, पाणी असतं, गॅस असतो,
आणि थंडी नि दाब इतका
की पाणी गॅसला कवेत घेऊन गोठतं.
दिसायला बर्फ. काडी लावली तर पेटतो.
कणाला कण चिकटतो, त्याला आणखी दहा,
पाइप बंद.

"मग गोठूच नाही द्यायचं," मी म्हटलं.
"गोठू दे. जमू द्यायचं नाही."

मे महिना, सत्तेचाळीस डिग्री.
चाचणीला पाणी हवं चार डिग्रीचं,
म्हणून गोळेवाल्या रज्जाकभाईकडून रोज दोन लाद्या.
"एवढ्या बर्फाचं करता काय, देवांगना?"
"बर्फ जमू नये, त्याचा अभ्यास."
तो हसला नाही. पैसे मोजले, म्हणाला,
"मंग माहं कसं होईन वो?"

काचेच्या नळीत तेल, पाणी, एक स्टीलची गोळी.
मशीन डुलवतं. गोळी जाते, खट्. येते, खट्.
साध्या नळीत पांढरं धुकं धरतं, दाटतं,
कन्हारात बंडी रुतावी तशी
गोळी मध्येच बसते.
दुसरीत मॅडमचे चार थेंब.
पांढरं तिथंही येतं,
पण कणाकणाला औषधाची शेपटी, तेलाकडे वळलेली,
म्हणून कुणी कुणाला धरून बसत नाही.
सातऱ्यात मिरच्या खुडताना माय ओरडायची तसं:
जवळ बसा व पोरीहो, अंगावर नोका बसू.

रात्री अकराला लाइट गेली.
मशीन थांबलं. मॅडमचा फोन लागेना.
चाचणीचे तीन तास उरलेले.
मी बाह्या वर केल्या, बर्फाच्या पाण्यात हात घातले
आणि ती दुसरी नळी डुलवत बसले,
डावीकडे, उजवीकडे,
टॉर्चही संपली तेव्हा नुसती ऐकत.
खट्.
मधे एकदा उशीर झाला, मी श्वास धरला.
खट्.

लाइट आली दोन वाजून दहा मिनिटांनी.
रजिस्टरात नोंद केली: गोळी चालू आहे.
अक्षर वाकडं आलं. म्हणून मॅडमसाठी खाली लिहिलं:
बोटं गोठली आहेत,
पण सुटी आहेत.