एक कमी

सोनकुलच्या काठावर, ढगांच्या शेजारी,
आमची बालवाडी म्हणजे नमद्याचा एक गोल तंबू.
कोपरा नाही,
म्हणून कोपऱ्यात उभं करायची शिक्षाही नाही.
जूनमध्ये उभा राहतो, ऑगस्टअखेर मेंढ्या उतरतात,
मेंढ्यांमागे माणसं,
माणसांमागे मी, फळा पाठीला बांधून.

नारीनहून खोकं आलं होतं.
प्लॅस्टिकचे मणी, लाल निळे पिवळे, मोजून शंभर.
सोबत कागद: पहिला आठवडा, एक ते पाच.
मी मणी मांडले. विचारलं, किती?
मुलांनी मण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून हसतात
तशी हसली.

दुसऱ्या दिवशी कुरुत आणलं, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या.
"किती" तोंडातून बाहेर पडेपर्यंत
मिरिमच्या गालात दोन, जोल्दोशच्या गालात तीन.
वजाबाकी झाली, बेरीज राहून गेली.

कुबात मात्र खातही नव्हता.
पाच वर्षांचा, कान थंडीनं सोललेले,
दाराशी बसायचा, माझ्याकडे पाठ करून.
हाक मारली की मान हलवायचा, तीही बाहेर बघत.
वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलं: लक्ष नाही.
शाई वाळायच्या आत तो उठून म्हणाला,
"फाटक्या कानाची आली नाही."

बाहेर उतारावरून कळप चालला होता.
मला दिसत होती फक्त लोकर, सरकणारी.
"कशावरून रे?"
तो गोंधळला,
जणू मी विचारलं होतं, तुझा डावा हात कुठला.
"ती काळ्या एडक्याच्या मागे असते.
काळ्याच्या मागे आज जागा आहे."

जागा आहे.
चार वर्षं मी शिकवायला शिकले, बिश्केकमध्ये,
गरम पाण्याच्या नळ्या असलेल्या खोलीत,
आणि कुणी सांगितलं नव्हतं
की मोजणं इथून सुरू होतं,
कुणीतरी नसण्यापासून.

त्या दिवशी धडा झाला नाही.
आम्ही अकराजण ओढ्यापर्यंत गेलो.
दोन दगडांत पाय अडकलेली, ती आमच्यावरच ओरडली.

मग सकाळी दाराशी बूट ओळीत.
डोळे मिटा. एक बूट माझ्या पदरी,
म्हणजे पदर कुठला, जाड कोटाच्या आत.
उघडा. कोण नाही?
तंबू उडून जाईल असा गलका.
कुबात वळला. पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसला,
आणि मला दिसलं, त्याचा पुढचा एक दात नाही.
कधी पडला? मी रोज हजेरी घेत होते.

एकदा मी माझाच बूट लपवला आणि विसरले कुठे.
दुपारभर एका मोज्यावर हिंडले.
त्या दिवशी ती दहापर्यंत गेली,
जागा शोधत शोधत, माझ्या मदतीशिवाय.

मदत ही माझी जुनी खोड.
मूल अडखळलं की माझा शब्द
त्याच्या आधी पळत सुटतो, दार उघडतो,
आत जाऊन बसतो, आणि मूल बाहेरच.
या उन्हाळ्यात जीभ दाताखाली धरायला शिकले.
रोज जमलं असं नाही.

काल तंबू उतरवला.
लाकडं बांधली, नमदा गुंडाळला, मणी खोक्यात,
शंभरातले सदुसष्ट, बाकीचे गवतात उगवतील बहुतेक.
तंबू होता तिथे पिवळं पडलेलं गवत, गोल,
भोवती सगळं हिरवं.

कुबात आला. बघत राहिला.
"एजे, आपण गेल्यावर इथे किती?"

शब्द जिभेवर आला,
खोक्यातून आल्यासारखा, गुळगुळीत, तयार.
मी तो गिळला.
तो कडेकडेनं चालायला लागला होता,
टाचेला अंगठा लावत, हात पसरून,
पिवळं जिथे संपतं बरोबर तिथून.
ट्रकवाल्यानं दुसऱ्यांदा भोंगा दिला.
मी ओरडले, थांब रे,
अजून अर्धं राहिलंय.