ऋण नमुना

माझं काम लग्नाच्या मांडवात सांगता येत नाही.
"परळला लॅबमध्ये असते," एवढ्यावर मी थांबते,
तेवढ्यात जिलबी येते.

मंगळवारी घाडीगावकर येतात वरळीच्या पंपिंग स्टेशनवरून.
थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात चार बाटल्या,
बाटल्यांवर वेळ: पाच चाळीस, सहा दहा.
शहर आतून कडी लावतं, ती वेळ.
"म्याडम, आज जरा दाट आसा," असं सांगतात
जसं कोणी दुधाबद्दल सांगावं.

बशीत उगवतात आतड्यातले जिवाणू,
मोहरीएवढे, फिकट, एकासारखा एक.
ह्यांतल्या कुणाला विषाणू जडलाय?
पोटातल्याच्या पोटातलं बघायचंय मला.

नायलॉनचा कागद त्यांच्यावर टेकवायचा, अलगद उचलायचा,
कॉस्टिकने घरं फोडायची,
दुपदरी दोर उसवायचा.
मग प्रोब सोडायचा:
चार अक्षरांच्या बाराखडीतली बावीस अक्षरं,
अर्धंच वाक्य.
रात्रभर कोमट पाण्यात ते फिरत राहतं
आपलं उरलेलं अर्धं शोधत.
माहुलच्या धक्क्यावरून आई हाक मारायची,
"ए चिंबोरेऽऽ"
चिखलात चाळीस पोरं,
मान माझी एकटीचीच वळायची.
तसं.

प्रत्येक कागदावर एक जागा
काहीच न उमटण्यासाठी ठेवलेली असते.
ऋण नमुना म्हणतो आम्ही. निरोगी माणसाचा.
आधी तपासून घेतलेली डबी संपली होती.
ह्या खेपेला कुणी देईना.
सरांचं पोट बिघडलेलं, परवीन लाजली.
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं,
दिला मीच.

शनिवारी रंग चढायला वीस मिनिटं लागली.
वरळीचे ठिपके आले, येणारच होते.
आणि खाली कोपऱ्यात, जिथे काही नको,
एक.
जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा.

"दूषित झालंय, पुन्हा कर," सर म्हणाले.
पुन्हा केलं.
नव्या बशीत, नव्या पाण्यात, तिसऱ्यांदा केलं.
तो तिथेच.

हा जातीचा विषाणू लगेच मारत नाही.
जिवाणूच्या दोरात आपला धागा ओवतो
आणि निजतो.
जिवाणू एकाचे दोन झाले की तोही दोन,
दोनाचे चार, वर्षानुवर्षं,
कुणाला न उठवता.
कुठून आला?
पुस्तक म्हणतं, पहिले जिवाणू बाळाला
बहुधा आईकडून.
बहुधा.
आमच्या धंद्यात बहुधा चालत नाही,
ताडून बघायला दुसरा नमुना लागतो.
नऊ वर्षं झाली. राखही आम्ही
भरतीची वेळ बघून खाडीत सोडली होती,
तिच्याच होडीतून.

वहीत लिहिलं:
ऋण नमुना. ठिपका आहे. तीनदा.
कारण माहीत नाही.
सही, जयवंती वैती.

पुढच्या मंगळवारी घाडीगावकरांनी बर्फ ओतून टाकला,
डबा पुसला, आणि जाता जाता,
भिंतीकडे बघत,
"माझो चलात काय, म्याडम?"

मी त्यांना रिकामी डबी दिली.
तारीख घातली, नाव घातलं,
आणि नावापुढे लिहिलं "ऋण",
शिसपेन्सिलीने.