प्रॉम्प्टर

कार्डावर माझं नाव सगळ्यात शेवटी असायचं.
त्याखाली फक्त छापखान्याचा पत्ता.
हुतात्माच्या डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीत
एक मिणमिणता बल्ब, मांडीवर वही
आणि समोर अंबादास यन्नम,
दिवसा साखर पेठेत आठ माग सांभाळणारा,
रात्री सरदार.

त्याचा आवाज मागांनीच घडवला होता.
खडखडाटावरून बोलायची सवय,
साधं ‘पाणी’ म्हणाला तरी शेवटच्या रांगेला तहान लागायची.
घरी तेलुगू, माझ्याशी ‘काय बे’,
आणि रंगमंचावर असं मराठी
की सिद्रामप्पा मास्तर डोळे मिटून घ्यायचे.
मास्तरांनीच शिकवलेलं त्याला,
वाक्य कुठे सोडायचं, श्वास कुठे धरायचा.

नाटक तुमच्या ओळखीच्या जातीचं.
सरदार इमानी. पहिल्या प्रवेशात पिंगळा येतो,
तीनच वाक्यं बोलतो, जातो.
तिसऱ्या अंकापर्यंत राजा मेलेला,
मित्र मेलेला,
आणि सरदार आपल्याच सावलीला हुकूम सोडतोय.
तालमीनंतर वाद व्हायचा, दोष कुणाचा?
मास्तर म्हणायचे, पिंगळा गावभर ओरडतो,
दार एकच जण उघडतो.

मी ते वहीत लिहून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटायच्या दिवसांत,
कन्ना चौकातल्या हॉटेलात
मी त्याला म्हणालो, सहज, भजी खाता खाता:
मास्तरांना आता ऐकू कमी येतं.
पुण्याहून येणाऱ्या परीक्षकांना काहीतरी नवं लागतं.
तूच बसव की नाटक बे, मंडळ तुझ्यावरच तर चाललंय.
तीन वाक्यं.
हो, मी नंतर मोजली.

तो हसला. भजी संपवली. पैसे त्यानेच दिले.
आठ दिवसांनी बैठक,
आणि ठराव त्याच्या अक्षरात.
मास्तरांनी चष्मा पुसला, सही केली,
विचारलं, ‘तालमीला येऊन बसू का? मागं कुठंतरी?’
अंबादास म्हणाला, ‘बघू.’
इतका छोटा शब्द इतक्या मोठ्यानं
मी कधी ऐकला नाही.

मग पिंगळा करणारा दशरथ बोद्दुल गेला,
त्याच्या एंट्रीला टाळ्या पडायच्या म्हणून.
मग पेटीवाला.
मग प्रकाश फक्त एकाच चेहऱ्यावर राहू लागला.
मी राहिलो. वही माझ्याकडे होती.

उभा ताणा त्याचाच होता, मी मनाशी म्हणायचो,
मी धोटा फेकला एकदाच.
पण कुठल्याही विणकराला विचारा,
एका फेकीनं कापड होत नाही,
आणि फेकीवाचून तर होतच नाही.

स्पर्धेची रात्र. शेवटचा प्रवेश.
प्रेतांच्या मधोमध सरदार.
वाक्य होतं, ‘मला वाटलं, आवाज बाहेरून आला.’
अंबादास थांबला.
विंगेकडे वळला.
वाक्य माझ्या बोटाखाली होतं, ओठांपर्यंत आलं होतं,
पण त्याच्या कानात पुन्हा काही टाकायला
माझी जीभ उचलली नाही.

तो बघत राहिला माझ्याकडे.
अख्खं थिएटर श्वास धरून.
मग पडदा.
परीक्षकांनी लिहिलं, अखेरचं मौन अविस्मरणीय.
रौप्यपदक.

मास्तर आले होते, तिकीट काढून, मागच्या रांगेत.
जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.
‘वाक्य गेलं रे,’ म्हणाले.
कमी ऐकू येणाऱ्या माणसाला
तेवढं नेमकं ऐकू आलं होतं.

पुढच्या वर्षी मंडळच नव्हतं.
अंबादास रस्ता ओलांडून जातो, मला बघून.
मीही थांबत नाही.

त्याच्या मागावरची एक चादर आहे घरी.
उलटी केली तरी तीच नक्षी,
फक्त रंगांची अदलाबदल,
पांढऱ्याच्या जागी तांबडं, तांबड्याच्या जागी पांढरं.
कुठली बाजू वर घ्यायची, ठरत नाही.
तशी सोलापुरात थंडी
असते तरी किती दिवस.